संपला का डबा?

मी बोलतोय, भिंगारच्या भागवतचा जेवणाचा डबा. स्टीलचा, तीन कप्प्यांचा, कडी जराशी सैल झालेला. झाकणावर 'चि. विजयमालास, मामांकडून' असं कोरलेलं आहे. लग्नाच्या आहेरात द्यायला मामांनी मला काष्टीच्या बाजारातून आणलं, त्याला सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत मी चकार शब्द काढला नाही. पण यंदाचे तीन महिने असे गेले, की आता गप्प बसवत नाही.

भागवत शाळेची बस चालवतो. जूनमध्ये सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी झाली आणि त्याची शुगर तीनशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी बजावलं, "गोळ्या चालू करा आणि जेवण सांभाळा. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. खाली आली नाही तर बस विसरा." शाळेनंही तेवढीच मुदत दिली. चाळीस लेकरं ज्याच्या भरवशावर बसतात, त्याला स्टेअरिंगवर भोवळ येऊन कसं चालेल?

विजयमाला, म्हणजे त्याची बायको, त्या दिवसापासून कामाला लागली. दवाखान्यातल्या बाईंनी आहाराचा तक्ता दिला होता. तो तिनं कपाटाच्या दारावर चिकटवला. आठ वाजता काय, अकराला काय, दीडला काय, सगळं त्यात लिहिलेलं. पहाटे पाचला उठून ती दोन ज्वारीच्या भाकरी थापायची. एका कप्प्यात मटकीची उसळ नाहीतर पालेभाजी, दुसऱ्यात काकडी. घरातला साखरेचा डबा तिनं शेजारी देऊन टाकला आणि स्वतःही बिनसाखरेचा चहा प्यायला लागली. तोंड वाकडं करायची, पण प्यायची.

आता पहिल्याच दिवशी काय झालं ते ऐका. दुपारी दीडला ड्रायव्हर मंडळी लिंबाखाली बसली. भागवतनं माझं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि परत लावलं. त्याच्या वडिलांचं, आबांचं, शेवटचं वर्ष शुगरपायी असंच गेलं होतं, खाटेपाशी भाकरी आणि अळणी भाजी ठेवून. समोर कानिफनाथ कागदात वडापाव घेऊन बसला होता. तोही ड्रायव्हर, शुगरही भागवतसारखीच. बायको आईच्या आजारपणापायी माहेरी कोल्हारला, म्हणून हा रोज बाहेरच खायचा.

"घे, तू खा," भागवत त्याला म्हणाला. "मी घरूनच जेवून येतो. तिला सांगूनबी ऐकत न्हाई, डबा देतीच."

आणि चहा पिऊन येतो म्हणून स्वतः रस्ता ओलांडून हॉटेलात गेला. मिसळ, चार पाव, वर पावशेर जिलेबी. मी कानिफनाथच्या मांडीवर बसून बघत राहिलो.

संध्याकाळी विजयमालानं दारातच विचारलं, "संपला का डबा?"

"संपला की."

तिचा चेहरा असा खुलला म्हणता! तक्त्यावर तिनं बरोबरची खूण केली आणि मला चिंचेनं घासून लख्ख केलं. मला लाज वाटत होती. रोज मी रिकामा होऊन घरी यायचो आणि रोज तिला फसवायचो. एकदा तर मुद्दाम कडी सोडून फरशीवर आदळलो. ती म्हणाली, "कडी सैल झालीया बाई," आणि पक्कडीनं आवळली. त्यापुढे माझ्या हातात काय होतं?

तीन महिने भरले. रिपोर्ट घ्यायला ती नवऱ्याबरोबर दवाखान्यात गेली, मी पिशवीत होतोच. जिन्यातच कानिफनाथ भेटला.

"वैनी, तुमच्या पाया पडलं पायजे! माझी शुगर निम्म्यावर आली. डॉक्टर म्हनले, काय खातो रं? म्या म्हनलं, भागवतच्या घरचा डबा! हा रोज जेवून येतो ना, मग मलाच देतो."

विजयमालानं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं हातातल्या कागदाची घडी घातली. त्याची शुगर आणखी चढली होती.

शाळेनं बसची किल्ली काढून घेतली. दोन महिने शाळेच्या फाटकावर राखणीला बसायचं, मग एकच तपासणी, आणि ती शेवटची.

घरी आल्यावर ती इतकंच म्हणाली, "खायचं नव्हतं तर तसं सांगायचं. रिकामा डबा आणून दावत हुतात रोज."

"डबा उघडला की आबा दिसायचे गं," तो खाली बघून म्हणाला. "लई भ्या वाटायचं."

ती कपाटापाशी गेली. तक्ता तिनं फाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र ती उठली. दोडक्याची भाजी फोडणीला टाकली, मिठाच्या बरणीकडे हात गेला आणि तिथंच थांबला. बरणी तिनं परत फळीवर ठेवली. माझ्या लक्षात आलं. आज परीक्षा होती आणि ती फक्त आम्हा दोघांना माहीत होती.

दीड वाजला. भागवत फाटकापाशी एकटाच बसला. कानिफनाथ माझ्याकडे न बघता लांबून निघून गेला. पहिला घास घेतल्याबरोबर भागवतचा हात थांबला. समोर हॉटेलात जिलेबी तळत होते. तो उठला. दोन पावलं गेला. माझा जीव टांगणीला लागला. मग तो परत येऊन बसला आणि भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं कप्पा पुसून घेतला.

संध्याकाळी तिनं नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. पाठमोरी राहून म्हणाली, "कसा झाला हुता दोडका?"

चूक झालेला माणूस कशालाही चांगलंच म्हणतो. हा आता 'झकास' म्हणणार आणि सगळं संपणार. भागवतनं चपला काढून कडेला ठेवल्या.

"खरं सांगू? मीठच न्हवतं त्यात. पन खाल्ला समदा."

ती मोरीपाशी बसली आणि नळ सोडून मला घासत राहिली. मी केव्हाच स्वच्छ झालो होतो.

आता कपाटावर नवा तक्ता आहे. शेवटच्या तपासणीला एकोणीस दिवस राहिलेत. शुगर उतरेल की नाही, मी डबा, मला काय कळणार? पण तुमच्या घरी कुणी पहाटे उठून डबा भरत असेल तर माझ्या भाईबंदांवर एवढी कृपा करा, त्यांना खोटं बोलायला लावू नका. आमच्या घरी आता 'संपला का' असं कुणी विचारत नाही. भागवत चपला काढता काढता स्वतःच सांगतो, "आज मेथी कडू हुती गं." आणि ती हसून म्हणते, "व्हय, उद्या बघते."