कुंकवाची पुडी

बाप्तिस्मा घेतल्यावर मनकर्णानं कपाळावरचं कुंकू पुसलं होतं. आडावरच्या बाया हिणवायच्या, "नवरा जित्ता आन हिचं कपाळ पांढरं!"

ती फणकारायची, "निजामाचं राज मुलखावर. माझ्या कपाळावर फकस्त येशूचं!"

बोलणी ऐकून तिचा नवरा लाजरस मात्र मेटाकुटीला आला. रविवारी प्रार्थनेला निघताना त्यानं वालूरच्या बाजारातून आणलेली कुंकवाची पुडी तिच्यापुढं धरली.

"लाव बाई. मी जित्ता हाय, हे तरी दिसंल गावाला."

मनकर्णानं पुडी सोडली, चिमूट घेतली आणि त्याच्याच कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू रेखलं.

"मी बी जित्ती हाय की! दिसू द्या गावाला. चला आता प्रार्थनेला, आडावरनं!"