रेवसच्या धक्क्यावरचा तेलाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पंधरा किलो पामतेल मावेल एवढं माझं पोट. आता माझं तोंड कापलेलं आहे, कडा गंजल्या आहेत आणि रेवसला नीराबाईंच्या मोरीत मी भांड्यांचं पाणी साठवतो.

कारखान्यात मला चकचकीत केलं, सोनेरी तेल भरलं आणि पाठीवर कंपनीचं नाव छापलं. ट्रकमधून येताना ते तेल पोटात हिंदकळायचं. मला वाटायचं, ते झोपेत ओल्या मातीचं, उंच झाडांचं काही पुटपुटतंय.

नीराबाई धक्क्यावर भजी तळायच्या. मुंबईहून लाँच लागली की माणसं आमच्याकडे वळत, तेलाची स्तुती करत. मी खुशीत चमकत असे.

एका दुपारी त्यांची नात प्राप्ती कॉलेजातून आली. तिने माझ्या पाठीवरचं नाव वाचलं आणि फोनवर त्या कंपनीची यादी उघडली. कंपनी कोणत्या तेलगिरण्यांकडून माल घेते, ते तिथे कुणालाही वाचता येत होतं. मग तिने उपग्रहाची चित्रं पाहिली. समुद्रापलीकडे, इंडोनेशियातल्या एका गिरणीभोवती सहा वर्षांपूर्वी गर्द रान होतं. आता तिथे पामतेल देणाऱ्या ताडासारख्या झाडांच्या सरळ रांगा होत्या.

सगळ्या गिरण्यांचं तेल एकत्र मिसळतं, म्हणून याच डब्यातलं तेल तिथलं, असं नक्की सांगता येत नाही, असं प्राप्तीने समजावलं. असू शकेल, एवढंच.

नीराबाईंनी झारा खाली ठेवला. फोन जवळ घेऊन त्यांनी ते चित्र पाहिलं.

"आपल्या खाडीतलं तिवरांचं रान तोडलं, तवा खेकडं-चिंबोऱ्या गेल्या. तिथं काय काय गेलं असंल गो?"

मला माझ्या चकाकीची लाज वाटली.

रान तोडून उभ्या राहिलेल्या त्या गिरणीचं तेल का घेता, असं विचारणारं पत्र प्राप्तीने कंपनीला लिहिलं. धक्क्यावरच्या दहा जणांनी सह्या केल्या. डबे पुरवणाऱ्या धनेशशेठने मात्र सही करायला हात आखडता घेतला. कंपनी रागावली तर माल बंद होईल, अशी त्याला धास्ती होती.

"तेल मी इकत घेते," नीराबाई शांतपणे म्हणाल्या. "मंग इचारायचा हक्क हाय मला."

दुसऱ्या दिवशी तो येऊन सही करून गेला.

उत्तर आलंच नाही. मी रिकामा झालो, कापला गेलो, मोरीत आलो. पुढे कंपनीची नवी यादी आली, तेव्हा त्या गिरणीसमोर 'खरेदी थांबवली' असं लिहिलेलं प्राप्तीला दिसलं. कुणाच्या पत्राने, ते कुणालाच माहीत नाही. वर्षभराने तिने पुन्हा चित्र उघडलं. तोडलेलं रान परत आलं नव्हतं. पण उरलेल्या रानाची कड होती तिथेच होती. निजलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावं तसं नीराबाईंनी त्या हिरव्या कडेवरून बोट फिरवलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझे भाऊबंद असतील. त्यांच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचा आणि आतलं तेल कुठून आलं, ते विचारत राहा. आम्हा डब्यांना तोंड आहे, पण बोलायचं तुम्हालाच आहे.