नाकावर रुमाल बांधलेली राणी

मित्रांनो, मी एक जुनी, लांबलचक, काळी जर्मन मोटार आहे. माझ्या नाकावरची चकचकीत जाळी अजून शाबूत आहे. नाकामागचं मात्र विचारू नका.

तरुणपणी माझ्या मऊ गादीवर बँकेचे मोठे साहेब बसत. पुढे मालक बदलत गेले आणि माझी उतरण होत होत मी अल्बानियाच्या उत्तरेला, डोंगरात राहणाऱ्या प्रेन्ककाकांच्या अंगणात आले. काकांना वाटलं, राणी स्वस्तात पदरी पडली. पण मित्रांनो, गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. माझा एखादा भाग बदलायचा म्हणजे काकांचा एक मेंढा बाजारात जायचा. कळप बारीक झाला, तशी मी ऑइल जास्तच प्यायला लागले.

पाश्क मेकॅनिक माझं बॉनेट उघडून उसासा टाकायचा. "प्रेन्क, पाण्याचा पंप गळतोय. एकदा का ही तापली आणि इंजिनाचं हेड गेलं, की उरलेला कळपही दे आणि वर कुत्राही दे!"

"पोराचं लग्न होऊ दे रे," काका म्हणायचे. "मग हिचं बघू."

लग्नाचा दिवस उजाडला. तिथली रीत अशी, की नवरदेव घरी थांबतो आणि वऱ्हाड जाऊन नवरीला आणतं. ठरला दिवस टळत नाही, सूर्य बुडायच्या आत नवरीनं उंबरा ओलांडायचा आणि आल्या वाटेनं परतायचं नाही. काकांची बहीण द्राने आत्या हिनं दृष्ट लागू नये म्हणून माझ्या नाकावर भलामोठा भरतकामाचा रुमाल घट्ट बांधला. मी नटले खरी, पण श्वास कोंडला!

जाताना उतार होता, निभावलं. परतताना दुसरी वाट, म्हणजे सगळा चढ. मागे वऱ्हाडाच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. नवरी लुले मागच्या गादीवर मधोमध, रिवाजाप्रमाणे मुकी, मान खाली घालून. शेजारी आत्या गात होती:

वाट दे रे डोंगरा, वऱ्हाड चाललं मानाचं
आल्या वाटे ना फिरू, सोनं आणलं दुसऱ्याचं

काका डोंगर बघत होते, आत्या आपलं सोनं बघत होती. खाली बघणारी एकटी लुले. माझ्या पुढच्या दोन खुर्च्यांच्या फटीतून तिला इंजिनाच्या तापाचा काटा दिसला.

"मामंजी, काटा लाल रेषेवर गेलाय. थांबवा!"

काकांनी करकचून ब्रेक मारला, काट्यामुळे नव्हे, सून बोलली म्हणून.

"अगं बाई, तोंड उघडलं!" आत्या किंचाळली. "अजून उंबरासुद्धा ओलांडला नाही!"

"आत्याबाई, हेड गेलं तर उंबरा आज दिसायचाच नाही. आधी तो रुमाल सोडा. बाबांची व्हॅनही अशीच आहे, तिची नाटकं पाहतच मी वाढले."

रुमाल सुटला, मी वाफेचा हुंदका दिला. काका रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला गेले. "गरम असताना नाही!" लुले ओरडली. मी निवेपर्यंत सूर्य शेजारच्या शिखराला टेकला. मग झऱ्याचं पाणी भरलं.

"आता हळू चालवा, आणि आतला हीटर पूर्ण लावा. इंजिनाची आग आपण अंगावर घ्यायची."

"ऑगस्टात हीटर?" आत्यानं छातीवर हात मारून घेतला. "मी मेले तर माझी मयत तरी सरळ वाटेनं न्या गं!"

मित्रांनो, ती मिरवणूक मी विसरणार नाही. काकांच्या मिशा ओघळल्या, आत्याची पावडर हनुवटीवरून ठिबकली, नवरीचं काजळ गालांवर उतरलं. काटा थरथरत राहिला, पण लाल रेषेच्या अलीकडेच. शेवटची किरणं छपरावर असताना लुलेनं उंबरा ओलांडला.

दारातल्या बायकांनी तिघांचे चिंब चेहरे पाहिले आणि पदर डोळ्यांना लावले. "माहेर तुटताना पोर किती रडलीय! आणि सासरची माणसंसुद्धा! असं मायेचं घर मिळायला नशीब लागतं गं."

आत्या घाम पुसत म्हणाली, "हो तर. रडून रडून जीव गेला."

दुसऱ्या दिवशी काकांनी मला थेट पाश्ककडे नेलं. पंप नवा बसला. मेंढा एकच गेला.

म्हणून मित्रांनो, म्हाताऱ्या राणीला दागिने नकोत. तिच्या नाकाला वारा द्या, पोटाला पाणी द्या आणि अधूनमधून नव्या नवरीसारखी मान खाली घालून तिचा काटा बघत जा. आणि काटा लाल दिसला, तर रिवाजातल्या नवरीसारखं गप्प मात्र बसू नका.