माशीवरचा रंग

गुरुपादने पिस्तुलातलं मॅगझिन काढून उंच फळीवर ठेवलं, नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि पिस्तूल वर्तमानपत्रावर आडवं ठेवून तो लेकीला म्हणाला,

“लाव आता. नुसतं टोकावर. मागं थेंब जाऊ देऊ नगं.”

शांभवीने नळीच्या टोकावरचा तो बारीक काळा उंचवटा स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. पोलिसांत त्याला माशी म्हणतात. नेम धरताना डोळ्याने पकडायची ती हीच. गेल्या काही महिन्यांत गुरुपादची माशी धूसर होत होत पार दिसेनाशी झाली होती. शांभवीने आधी पांढरं नेलपॉलिश लावलं, ते वाळू दिलं, मग त्यावर नारिंगी.

“अप्पा, ह्यापरीस ऑपरेशन करून घ्या की. डॉक्टरनी मोतीबिंदू सांगून महिना झाला.”

“उद्या साक्ष झाली की करतो.”

“आणि साहेबलोकांना सांगितलंय?”

गुरुपादने पिस्तूल उचलून समोरच्या कोऱ्या भिंतीकडे धरलं. नारिंगी ठिपका लख्ख उभा राहिला.

“दिसतंय,” तो म्हणाला.

साक्ष पूर्णिमाची होती. शाहूपुरीत तिचं शिवणकामाचं दुकान. शेजारच्या दुकानदाराला दोघांनी भरदुपारी भोसकलं, ते तिने मशीनवर बसल्या बसल्या पाहिलं आणि दोघांचीही नावं पोलिसांना सांगितली. त्यानंतर आठवड्याभरात तिच्या दुकानाची काच फुटली. तेव्हापासून पाच महिने हवालदार गुरुपाद कमरेला पिस्तूल लावून तिच्या दारात बसत होता. वर्षाची फायरिंग चाचणी मात्र राहिली होती. आज ती दिली नाही, तर उद्या त्याला हत्यार मिळणार नव्हतं.

मैदानावर पहिल्या दहा गोळ्या गोल निशाणावर होत्या. ठिपका निशाणाच्या मधोमध बसवायचा आणि श्वास रोखून चाप ओढायचा. दहातल्या नऊ आत लागल्या. गुरुपादच्या मानेवरचा ताण जरा सैलावला.

मग दोन फळ्या उभ्या केल्या. एकीवर पिस्तूल घेतलेल्या माणसाचं चित्र, दुसरीवर हातात काहीतरी साधंच घेतलेल्या माणसाचं. शिट्टी वाजली की फळ्या वळणार, तीन सेकंदांत हत्यारवाल्यावर दोन गोळ्या.

शिट्टी वाजली. गुरुपादचे हात वर आले. ठिपका दिव्यासारखा स्वच्छ होता. त्याच्या पलीकडे दोन राखाडी डाग होते. दोघांचेही हात पुढे आलेले, हातांत काय आहे ते मात्र कळेना. त्याने डोळे ताणले. एक सेकंद गेला. दुसरा गेला. त्याने डावीकडच्या डागावर ठिपका टेकवला आणि चाप ओढला. दोनदा.

“झकास, हवालदार,” फौजदार मॅडम म्हणाल्या. “उद्या असाच माणूस पाहिजे तिथं.”

गुरुपाद फळ्यांपर्यंत चालत गेला. डावीकडच्या चित्राच्या हातात पिस्तूल होतं, छातीत दोन भोकं. उजवीकडच्या फळीवर एक बाई होती, मोबाईल पुढे धरलेली. तिच्यासमोर तो बराच वेळ उभा राहिला. मग वळला आणि मॅडमच्या टेबलाशी गेला.

“मॅडम, एक सांगायचं राहिलंय.”

दुपारी तो दुकानात आला, तेव्हा पूर्णिमा ब्लाउजचं कापड बेतत होती. तिची नजर आधी त्याच्या कमरेकडे गेली.

“मामा, पिस्तूल कुठं हाय?”

“जमा केलं. उद्या निशिगंधा म्हणून शिपाई येतील. नेम पक्का हाय त्यांचा.”

“नापास झालासा?”

“न्हाय. पास झालो.”

“मग?”

“हत्यार कुणाच्या हातात हाय, ते दिसलं न्हाय मला. अंदाजानं झाडल्या गोळ्या.”

रस्त्यावर एक मोटरसायकल दुकानासमोर हळू झाली. पूर्णिमाच्या हातातली कात्री कापडात अर्ध्यावर थांबली. गुरुपाद पुढे होऊन दारात आडवा उभा राहिला. मोटरसायकलवाल्याने वरच्या मजल्याकडे बघून कुणालातरी हाक मारली आणि तो पुढे गेला.

“मी न्हाय जात मग कोर्टात,” ती हळूच म्हणाली. “नव्या माणसासंगं माझा पाय उचलायचा न्हाय.”

“मी येतो की. रजा घेतलीया.”

“पिस्तुलाबिगर?”

“व्हय.”

“मग येऊन काय करणार तुम्ही?”

गुरुपाद दारातच उभा होता, पाठ रस्त्याकडे.

“निशिगंधाबाई मागं असतील,” तो म्हणाला. “रस्त्याच्या अंगाला मी चालंन.”

पूर्णिमाने त्याच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून अर्धवट राहिलेलं कापड शेवटपर्यंत कापलं.

“किती वाजता निघायचं?” तिने विचारलं.