आधी विमा, मग तिकीट

माझी सून भाजलेल्या माणसांच्या वॉर्डात नर्स आहे. हात हलका, जीभ तिखट. आमचं जमतं, कारण मीही काही कमी नाही. माझा मुलगा गेल्यापासून घर तिच्याच पगारावर चालतं. त्यामुळे लढाई चालू असलेल्या देशात तीन महिने कामाला जाते म्हणाली, तेव्हा मी हातातलं पातेलं आपटलं.

"तुला काही झालं तर तुझ्या या पोरीने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"माझा विमा आहे की, आई."

विम्याचं काम माझा भाचा बघतो. त्याला बोलावलं, तर तो टेकायच्या आत म्हणाला, "मावशी, लढाईत मेलेल्या माणसाचे पैसे ही कंपनी देत नाही. वहिनी, तुम्ही आपलं फिरायला जाते म्हणून कळवा. कोण बघतंय?"

मला पटलं. सरळ बोटाने तूप निघत नसेल तर बोट वाकडं करावं.

सून म्हणाली, "आणि मी मेल्यावर कंपनीसमोर खोटं कोण बोलणार? आई? त्यांना चोरून खाल्लेली साखर लपवता येत नाही." भाचा हसला. मी हसले नाही, पण बोलणं खरं होतं.

मग तिने थेट तिकडच्या इस्पितळाला फोन लावला. लढाईतही चालेल असा विमा काढा, नाहीतर मी येत नाही. आठवडाभर नन्नाचा पाढा. शेवटी ते नमले, बाहेरून येणाऱ्या सगळ्या नर्सचा विमा काढतो म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. तर ही फोन ठेवेना.

"आणि तिथलेच रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर?"

"अगं, मिळतंय ते पदरात पाडून घे," मी कुजबुजले. "दुसऱ्याच्या फाटक्यात पाय कशाला घालतेस?"

"आम्ही एकाच गाडीत बसणार, आई. गोळी काय पासपोर्ट बघून येते?"

ड्रायव्हरांचाही विमा निघाला, तेव्हाच तिने बॅग भरली. अशी हट्टी बाई मी जन्मात पाहिली नाही, आणि त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला.

तीन महिन्यांनी ती परत आली. हाडं वर आलेली, पण धडधाकट. पुढे काही महिन्यांनी एका दुपारी तिला फोन आला. पलीकडे एक बाई रडत होती. सून मोडक्यातोडक्या भाषेत बोलता बोलता खाली फरशीवरच बसली.

"आमच्या ड्रायव्हरची बायको," ती मला म्हणाली. "त्याच्या गाडीवर बॉम्ब पडला, तो गेला. विम्याचे पैसे हातात आले, मुलांची शाळा सुटणार नाही, हे सांगायला फोन केलाय." तिने फोन माझ्या हातात दिला.

मला त्या बाईची भाषा येत नव्हती, तिला माझी. "रड, बाई, रड," मी म्हणत राहिले, आणि दुसरा हात सुनेच्या पाठीवरून फिरवत राहिले.

नात दारातून बघत होती. "कोण आहे गं, आजी?"

"आपल्यातलीच आहे," मी म्हटलं.