सिंगापूरचं पापलेट आणि मी

नाक मुरडू नका, मित्रांनो! मी एक जुना, पोचे पडलेला दोन पुडांचा स्टीलचा डबा आहे खरा, पण परदेशी राहून आलोय!

रत्नागिरीच्या बाजारात दमयंतीबाईंनी मला घेतलं आणि पोटावर आपलं नाव कोरून घेतलं. तीस वर्षं त्या मिरकरवाडा बंदरावर मासे विकत होत्या आणि मी त्यांची भाकरी सांभाळत होतो. पुढे प्लॅस्टिकचे रंगीत डबे आले आणि मी फळीवर मागे गेलो. वाईट वाटलं, का वाटू नये?

मग सिंगापूरहून फोन आला. मुलगा अजिंक्य बोटीवर, घरात सून दिशा एकटी, आणि चौथा महिना लागला तरी तिला पाणीसुद्धा पचत नव्हतं. बाई निघाल्या. आमसुलं न्यायला त्यांनी मलाच उचललं.

तिथे त्यांनी पेज दिली, ती उलटली. मऊ भात दिला, तोही उलटला. डॉक्टरांनी बजावलं, उद्यापर्यंत अन्न पोटात टिकलं नाही तर दाखल व्हायचं. बाईंचा जीव टांगणीला लागला.

"काय खाशील गो बाय? सांग तरी."

"खाली चिनी आजोबांची खानावळ आहे ना, तिथलं वाफवलेलं पापलेट. अगदी साधं. पण आई, तुम्हाला सांगता येईल त्यांना?"

"पापलेट कसं सांगायचं ते आता मला शिकवतेस होय!"

कुणाच्या दारी रिकामा डबा न्यायचा नाही, ही बाईंची रीत. वरच्या पुडात भेट म्हणून मूठभर आमसुलं ठेवून त्या मला घेऊन उतरल्या. खानावळीत बर्फावर पापलेटं मांडली होती. बाईंनी सरळ हात घालून एकेकाचे कल्ले उचलून पाहिले. आजोबा ओरडलेच! पण तीन बाजूला सारून बाईंनी चौथं पुढे केलं, तशी त्यांनी मान डोलावली. सगळ्यात ताजं तेच होतं. मग बाईंनी मला उघडून समोर धरलं. आजोबांनी एक आमसूल चाखलं, हसले आणि उरलेली सगळी माशाच्या पोटात कोंबून मासा वाफेवर चढवला!

"अरे मेल्या, ती तुझ्या घरी न्यायला दिली होती!" बाई ओरडल्या. पण कळणार कुणाला?

मासा माझ्यात भरून त्या वर आल्या. झाकण काढता काढता त्या रडायलाच लागल्या. "साधं मागितलंस आणि मी हे आणलं. नको खाऊस पोरी."

दिशाने वास घेतला. एक आमसूल चोखलं. मग मासा, त्यावरचं आलं, कांद्याची पात आणि रस, सगळं काटा स्वच्छ होईपर्यंत खाल्लं. बाई मला मांडीवर घट्ट धरून समोर बसून राहिल्या. तास गेला, दोन गेले. दिशा शांत झोपली होती. अन्न पोटात टिकलं होतं!

पुढे महिनाभर मी रोज खाली जात होतो. आपल्या नाक्यावरच्या लालभडक चायनीजवर जाऊ नका, ही चव निराळीच. आजोबा मला लांबून बघितल्याबरोबर पापलेट काढायचे. आता सांगा, तुमच्या कुठल्या रंगीत डब्याला एवढा मान आहे?

आज दिशाची लेक सानवी मला ढोलकीसारखी बडवते. बडवू दे. तुम्ही मात्र घरचे जुने डबे भंगारात काढू नका, झाकणं हरवू नका. आणि आजारी माणसाला जेवू घातलंत, की ते अन्न त्याच्या पोटात टिकेपर्यंत जवळून उठू नका.