पाण्याखालचं कडवं

‘मोटार चालू’ हे गाणं गाजलं तेव्हा सुकन्यापेक्षा गुरुलिंगलाच जास्त आनंद झाला होता. ती सोलापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात गायची, तो तिथं कीबोर्ड वाजवायचा. शब्द तिचे, चाल दोघांची. उजनी धरणाच्या काठावरची पोरगी पलीकडच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज ऐकून आपला माणूस रानात आलाय हे ओळखते, एवढीच गोष्ट. मोबाइलवर टाकलं आणि बघता बघता ते वरातींत वाजायला लागलं.

मग ते हातचं सुटलं. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू विणकरांच्या लग्नात बँडवाल्यानं ते तेलुगूत म्हटलं. तिथं मोटारीच्या जागी माग धडधडत होता. निवडणुकीत एका उमेदवाराच्या रिक्षावर त्याचं ‘नळ कधी चालू?’ झालं. सुकन्या पोट धरून हसली.

अक्कलकोटकडच्या एका लग्नाचा व्हिडिओ बघून मात्र तिचं हसू गेलं. जगदेवी नावाची बाई तेच गाणं कन्नडमध्ये म्हणत होती. शेवटी ‘अज्जी’, ‘ओले’, ‘नीरु’ असे शब्द आले. एवढं कन्नड सुकन्याला कळत होतं. आज्जीची चूल पाण्यात. धरणात बुडालेल्या घरावरचं ते कडवं तिनंच लिहिलं होतं, पण रेकॉर्डिंगमध्ये घेतलंच नव्हतं. “लोक नाचायचे थांबतील,” म्हणून गुरुलिंगनं काढायला लावलं होतं. आणि गुरुलिंगच्या घरी कन्नडच बोलायचे.

ती त्याच्यावर नजर ठेवायला लागली. फोन आला की तो तालमीच्या हॉलबाहेर जातो. कन्नडमध्ये बोलताना आवाज खाली घेतो. हे आधीपासून होतं की आत्ताच सुरू झालंय, तिला आठवेना. नवीन ओळ सुचली तरी त्याच्यासमोर ती गुणगुणायची नाही.

“काय लिवलंस का न्हाय?” त्यानं एकदा विचारलं.

“तुला कशाला पायजे? अक्कलकोटला पाठवायला?”

तिनं व्हिडिओ त्याच्यापुढं धरला. त्यानं तो शेवटपर्यंत ऐकला. “मी न्हाय दिलं,” एवढंच म्हणाला.

“मग कुणी दिलं? हे कडवं तुला आन मलाच म्हाईत.”

त्यानं कीबोर्ड पिशवीत भरला आणि निघून गेला. पुढच्या कार्यक्रमाला दुसराच वादक आला.

सुकन्याला चैन पडेना. तिनं अक्कलकोटची एसटी धरली. जगदेवीचं शिलाईचं दुकान होतं. सुकन्याला बघताच ती मशीनवरून उठली.

“अय्यो, तुमी! बसा की!”

“अक्का, ते शेवटचं कडवं तुमाला कुणी दिलं?”

“तुमीच की ओ. मी नुसतं कन्नड केलं.” जगदेवीनं मोबाइल काढला. वेळापूरच्या एका हळदीचा व्हिडिओ होता. गालांना हळद फासलेली सुकन्या बायकांच्या घोळक्यात बसून ते कडवं म्हणत होती. चुलतबहिणीची हळद. गाणं रेकॉर्ड व्हायच्याही आधीची. कुणीतरी पाहुणीनं काढलेला व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर फिरत इथवर आला होता. सुकन्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

“हे लागलं की बायका नाचायच्या थांबतात,” जगदेवी म्हणाली. “मग परत म्हणा म्हणतात.”

सुकन्यानं दुकानाबाहेर येऊन गुरुलिंगला फोन लावला. “चुकलं माझं. तो व्हिडिओ हळदीतला हाय. मीच म्हणलं होतं.”

“बरं,” तो म्हणाला.

पुढच्या तालमीला तो आला. कीबोर्ड लावला, मोबाइल काढून स्टँडवर उभा केला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

“हे कशाला?” सुकन्यानं विचारलं.

“असू दे. कुणी कुणासमोर काय म्हणलं, त्याचा पुरावा ऱ्हाईल.” तो तिच्याकडं न बघता म्हणाला. “म्हण आता.”

तिनं घसा साफ केला. पण नवीन ओळ काही केल्या तोंडातून बाहेर पडेना.